लव्हाळा

लव्हाळा कोणी मुद्दाम लावीत नाही, आणि म्हणूनच की काय, त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. सत्तरीत म्हादईच्या काठी, जेथे रान थेट पाण्यात पाय सोडून बसलेले असते, तेथे करंज-जांभळीच्या मुळांपाशी तो दाट माजतो. आपण त्यास सरसकट गवत म्हणतो. वस्तुतः तो गवत नव्हे. पटत नसेल तर त्याच्या तुऱ्याची काडी दोन बोटांत धरून फिरवावी. गवताची काडी बहुधा गोल, पोकळ आणि पेरांची; याची भरीव, पेरांविना आणि तीन धारांची. प्राचीन मिसर देशात ज्या पपायरसाचा कागद होत असे, तो याच्याच कुळातला दांडगा भाऊ.

आम्हां कोकणी माणसांना लव्हाळा खऱ्या अर्थाने भेटला तो मराठीच्या पाठ्यपुस्तकात. तुकोबांनी त्याला नम्रतेचा मान दिला, आणि तेव्हापासून शाळाशाळांतून त्यावर निबंध लिहून घेतले जातात. आम्हीही घेतो. पण लव्हाळ्याची नम्रता आम्हांस अर्धीच मान्य आहे. वाकतो तो वरचा. मातीखालचा भलताच हट्टी! एका गड्ड्यापासून तारेसारखा चिवट धागा निघतो, त्याच्या टोकाशी दुसरा गड्डा, पुढे तिसरा. वरून उपटावा तर पाती तेवढी हाती येते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा अंकुर दिसतो. शेतकरी त्याला शिव्या देतो, त्यात गैर काही नाही. त्याच सुवासिक गड्ड्यांना वैद्य मुस्ता म्हणतात आणि ज्वरावर, अपचनावर योजतात. रानडुकरांना तर ते फारच प्रिय. शाकुंतलात मृगयेचा बेत सोडलेला दुष्यंतही डुकरांना डबक्यात निर्धास्तपणे मुस्ता उकरू देतो.

2021 च्या जुलैत म्हादईला मोठा पूर आला. आमच्या गावच्या वळणावर अर्धा काठ आदल्या वर्षी खरवडून 'साफ' केलेला होता. तो ढासळला आणि काठावरच्या चार पोफळी घेऊन गेला. लव्हाळ्याचा अर्धा काठ गाळाने माखून आडवा पडला होता. गणेशचतुर्थीपर्यंत पुन्हा हिरवा झाला.

आता उरलेला काठही साफ करावयाचे घाटत आहे. आमच्या नववीच्या मुलांनी त्याविरुद्ध पंचायतीला अर्ज लिहिला. अर्ज चांगला होता. त्यात लव्हाळ्याला दोन ठिकाणी 'गवत' म्हटले होते, तेवढे खोडून आम्ही तो पाठविला. उत्तराची वाट पाहत आहोत.