बॅकग्राउंड, लँग्वेज आणि शनिवार

आयटीत टीममध्ये नवीन माणूस आला की दोन-तीन दिवसांत, बहुतेक कँटीनमध्येच, त्याला तीन प्रश्न विचारले जातात. बॅकग्राउंड काय? आवडती लँग्वेज कुठली? साइड प्रोजेक्ट काही करतोस का? लग्न जमवताना गाव, गोत्र आणि पगार विचारतात ना, तसंच हे. :)

पहिल्याचं उत्तर फारसं आपल्या हातात नसतंच. सीईटीचे मार्क आणि कॅप राउंडला भरलेली कॉलेजांची यादी, यांनीच ते ठरवून टाकलेलं असतं. आमच्या टीममध्ये मला धरून आठ जण. कॉम्प्युटरचे तिघे, मेकॅनिकलचे दोघे, एक ईअँडटीसी, एक सिव्हिल आणि एक बीएस्सी मॅथ्स करून आलेली. सिव्हिलवाला अजूनही 'मी तसा नॉन-सीएस आहे' असं घसा खाकरून सांगतो. आणि प्रॉडक्शनला काही फुटलं की सगळे आधी त्याच्याकडेच पळतात.

शिवाय कॉलेजात शिकलो काय? टर्बो सी++चा तो निळा स्क्रीन आणि हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. सी++चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १९९८चं, आणि टर्बो सी++ त्याच्याही आधीचा. म्हणजे २०१५ नंतर इंजिनिअरिंगला जाऊनही आम्ही स्टँडर्ड ठरायच्या आधीची भाषा शिकलो, तीही डॉसबॉक्समध्ये चालवून. चालायचंच.

दुसरा प्रश्न आवडीचा म्हणतात, पण बहुतेकांचं उत्तर म्हणजे ट्रेनिंगला कुठल्या बॅचमध्ये टाकलं ते. जावाची बॅच मिळाली तो जावावाला, मेनफ्रेमची मिळाली तो कोबॉलवाला. नंतर संसार करता करता प्रेम जडतंच.

उरला तिसरा. तिघांतला हा एकच असा, की ज्याचं उत्तर ना सीईटी ठरवते ना क्लायंट. गिडो व्हान रॉसमने १९८९च्या नाताळच्या सुट्टीत हाताला काहीतरी चाळा म्हणून एक भाषा लिहायला घेतली, ती पायथन. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने छंद म्हणून सांगितलेली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे लिनक्स. दोघांनाही कुणी डेडलाइन दिली नव्हती.

माझा प्रोजेक्ट अगदीच घरगुती. वाईला आजी असते, तिला शब्दकोडी लागतात आणि पेपरातले चौकोन आता दिसत नाहीत. म्हणून तिच्यासाठी मोठ्या टायपात कोडी छापणारा प्रोग्रॅम. युजर एक. एका संध्याकाळचं काम, असं वाटलं होतं...

मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. आता 'क्षत्रिय' घ्या. यूटीएफ-८मध्ये साठवून सीला लांबी विचारली तर उत्तर २४, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन ३ आणि जावा म्हणतात ८, कारण तिथे हलन्त आणि वेलांटी सुटी मोजली जाते. डोळ्यांना दिसणारं अक्षर मोजायचे युनिकोडचे जुने नियम लावले तर ५, कारण त्यात जोडाक्षर हलन्तापाशी तुटतं. आजीने बोटांवर मोजले, ३. क्ष, त्रि, य. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, पण असं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला सप्टेंबर २०२३मध्ये, १५.१ आवृत्तीत. आजीचं उत्तर सगळ्यात आधी तयार होतं!

हे सगळं मला कुठल्याही स्प्रिंटमध्ये कळलं नसतं. म्हणून तिसरा प्रश्न मला आवडायचा. आवडायचा, असं का म्हणतोय ते सांगतो.

आमच्या टीममधल्या बीएस्सीवालीला एकदा नवीन पोराने हा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आहे ना. पावणेदोन वर्षांची आहे, रात्री दोनला उठून रडते." सगळे हसलो. पुढच्याच महिन्यात आमच्या पॅनेलसमोर एक मुलगी आली. रोज बदलापूरहून ठाण्याला लोकल बदलून ऐरोली, घरी आजारी सासरे. तिने बोर्डवर जे सोडवलं ते आमच्यातल्या निम्म्यांना जमलं नसतं. तरी शेरा पडला: 'पॅशन दिसत नाही, गिटहब रिकामं आहे.' मी बराच वाद घातला. निकाल काही बदलला नाही.

माझे शनिवार रिकामे आहेत, कारण मी एकटा राहतो आणि डबा बाहेरून येतो. ती पॅशन नव्हे, ती सोय आहे. गिटहबवरचे हिरवे चौकोन बघून माणसाची आवड कळत असेलही. पण घरी गेल्यावर त्याच्या हाताशी किती वेळ उरतो, हेच त्यातून जास्त कळतं. आणि जे कुणी मागितलेलं नव्हतं म्हणून गोड होतं, ते रेझ्युमेत मागायला लागलो की तीही नोकरीच झाली ना? मग लोक आवडीचं करणार नाहीत, दाखवण्यासारखं करतील. दाखवायला टू-डू लिस्टचं ॲप पुरतं. आजीचं कोडं कोण कशाला करेल?

तेव्हा कँटीनमध्ये हा प्रश्न खुशाल विचारावा. चहाबरोबर छान लागतो. इंटरव्ह्यूत मात्र मी तो विचारणं बंद केलंय.

असो. आजीची नवीन तक्रार आली आहे: "कोडी फार सोपी काढतोस रे." शनिवारी शब्दांची यादी वाढवायला बसतोय.