सातने भागून उरलेला वार

तारीख हातात आहे, वार हवा आहे. संगणकाच्या लेखी हा एक भागाकार. ठरलेल्या एका दिवसापासून किती दिवस झाले ते मोजायचे, सातने भागायचे, बाकीवरून वार सांगायचा. नागपुरात बसून मी हजेरी, पगार आणि बँक-व्यवहारांच्या प्रणाली लिहिते, आणि या भागाकाराकडे फार गांभीर्याने पाहते. मोजणी कुठून सुरू करायची, बाकी शून्य म्हणजे कोणता वार, आणि दिवस कुठल्या घड्याळाने बदलतो, हे तीन निर्णय शेवटी माणसालाच घ्यावे लागतात.

रीत आपल्याकडे जुनीच आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचला आणि महाराष्ट्रातली पंचांगे पुढे कित्येक पिढ्या त्यावर चालली. आकडे आटोक्यात राहावेत म्हणून त्यांनी अकरा वर्षांचे चक्र धरले. एका चक्राचे दिवस ४०१६. सातने भागले की बाकी ५. म्हणून झालेल्या चक्रांना पाचाने गुणायचे, चालू चक्रातले दिवस मिळवायचे, सातने भागायचे आणि सोमवारपासून मोजायचे. बाकी शून्य, तर सोमवार. आज पायथन भाषेतले ‘वीकडे’ हे फंक्शनही सोमवारला शून्यच म्हणते. जुने गणक या वाराचा आणखी एक उपयोग करत: आलेला वार प्रत्यक्ष वाराशी जुळला नाही, तर दिवसांची संख्या एकाने कमी-अधिक करून घेत. वार ही त्यांच्या मोजणीची पडताळणी होती.

आजच्या भाषांचे मात्र एकमत नाही. सी आणि जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य. जावाच्या जुन्या कॅलेंडरमध्ये रविवार एक, तर २०१४ च्या जावा ८ पासूनच्या नव्या रचनेत सोमवार एक आणि रविवार सात. मायएसक्यूएल या एकाच डेटाबेसमध्ये ‘डेऑफवीक’ रविवारला एक म्हणते आणि ‘वीकडे’ सोमवारला शून्य. तेव्हा एका प्रणालीने दुसरीला नुसता ‘१’ पाठवला, तर तो रविवार, सोमवार की मंगळवार, हे आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

दुसरी अडचण ऋण संख्यांची. बहुतेक संगणक १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजतात. तो गुरुवार होता. आता आपल्या दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेची तारीख घ्या, १४ ऑक्टोबर १९५६. ती ४८२७ दिवस आधीची, म्हणजे उणे ४८२७. सातने भागल्यावर पायथन बाकी ३ देते. गुरुवारपुढे तीन वार मोजले की रविवार. त्या दिवशी रविवारच होता. तोच भागाकार सी, जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये केला तर बाकी येते उणे ४, आणि शून्य ते सहा अशा वारांच्या यादीत उणे चौथी जागाच नसते. उपाय सोपा आहे: बाकीत सात मिळवायचे आणि पुन्हा सातने भागून बाकी घ्यायची. पण ज्यांच्या चाचण्या १९७० नंतरच्याच तारखांवर होतात, त्यांना हा दोष दिसतच नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाण वेळेवर चालतो. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. नागपुरात मंगळवारी पहाटे दोन वाजता त्याच्या लेखी सोमवारची रात्र असते. रात्रपाळीची हजेरी अशा घड्याळावर सोडली, तर साप्ताहिक सुट्टी भलत्याच दिवशी पडते. म्हणून आधी वेळ भारतीय करायची, मगच वार काढायचा.

वार बरोबर निघाला, तरी त्यावरचा नियम चुकू शकतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका १ सप्टेंबर २०१५ पासून बंद असतात. हा नियम लिहिताना ‘दुसऱ्या आठवड्यातला शनिवार’ असे धरले की चूक ठरलेली. आठवडा सोमवारपासून मोजला आणि १ तारखेला रविवार आला, तर दुसऱ्या आठवड्यातला शनिवार ७ तारखेला येतो, आणि तो महिन्यातला पहिलाच शनिवार. बिनचूक नियम असा: वार शनिवार आणि तारीख ८ ते १४, तर दुसरा, २२ ते २८, तर चौथा.

हे सारे गणित आठवडा कधीच तुटत नाही या भरवशावर उभे आहे. तो तोडण्याचा प्रस्ताव खुद्द भारताने १९५३ साली संयुक्त राष्ट्रांपुढे नेला होता. त्या जागतिक दिनदर्शिकेत वर्षाचा शेवटचा दिवस बिनवाराचा होता. लीप वर्षी असे दोन दिवस. सातांची साखळी तुटण्याला धार्मिक संस्थांनी विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. याच काळात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालची पंचांग सुधारणा समिती काम करत होती, नागपूरचे के. ल. दप्तरी तिचे सदस्य होते. तिच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ ला राष्ट्रीय दिनदर्शिका आली. महिने नवे झाले, वर्षारंभ बदलला, पण वारांची माळ जशीच्या तशी राहिली. त्या दिवशी शुक्रवार होता, दोन्ही दिनदर्शिकांत.

नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. वार नुसत्या आकड्यात ठेवू नका, त्याच्या नावाने ठेवा. कोणत्या प्रदेशाची वेळ धरली, ते लिहून ठेवा. आणि वाराचा कोड पूर्ण झाला म्हणण्याआधी तो ओळखीच्या जुन्या तारखांवर तपासा. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, सोमवारी. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, रविवारची. या दोन तारखांचे वार चुकवणारा कोड वापरात आणू नका.