नाव लांबच थांबवा

पक्ष्यांबद्दलची कळकळ भाषणांनी येत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे. ती येते एखादा पक्षी डोळे भरून पाहिल्यावर. उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला हिवाळ्यात गर्दी लोटते ती बहुतेक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला. कुंभारगावच्या काठावरून नाव सुटते, मंडळी मोबाइल सरसावून बसतात, आणि थोड्याच वेळात उथळ पाण्यात थवा दिसतो. माना पार खाली, चोची उलट्या करून चिखल गाळणं चाललेलं. मधूनच एखादा रोहित पाय आपटत स्वतःभोवती गोल फिरू लागतो. तळ ढवळला जातो, त्यातले बारीक जीव वर येतात, की चोच पुन्हा कामाला लागते. हे निवांत बघितलेला माणूस परतताना वेगळं विचारू लागतो. धरणाचं पाणी चढलं की हे खातात काय? मग जातात कुठे? गुलाबी रंगाचं कौतुक असं पाण्यापर्यंत, चिखलापर्यंत पोचलं, की पुढचं सांगावं लागत नाही.

मला मात्र खरं अप्रूप आहे ते नाववाल्यांचं. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली आणि या नव्या काठावर मासेमारीचा धंदा उभा राहिला. आता त्यातल्याच काही घरांतली पोरं लांबवरचा कैकर हा शिकारी पक्षी नुसत्या उडण्यावरून ओळखतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्या पाण्यावर उतरतो, हे पाहुण्याला सांगताना त्यांचा आवाज बदलतो. पाहुणा मुक्काम करतो, मासे-भाकरी जेवतो, घरात चार पैसे येतात. पैशापोटी आलेली आस्था कसली, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पोट ज्याच्यावर चालतं त्याच्याकडे माणूस रोज निरखून बघतो, आणि रोज बघितलेल्याचा लळा लागतोच.

सोलापूरजवळच्या नान्नजकडे पाहिलं की याची दुसरी बाजू कळते. सोलापूर-नगर भागात 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, कागदावर जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. शेतकऱ्याच्या वाट्याला जमिनीच्या खरेदी-विक्रीची बंधनं आली. पक्षी मात्र बहुतेकांना कधी जवळून दिसलाच नाही. माळढोक म्हणजे आपल्या आड येणारा पक्षी, अशी समजूत झाली तर दोष त्यांना कसा द्यायचा? पुढे अभयारण्य छाटून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. तोवर माळ शेतीखाली गेले होते. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते.

म्हणून लोकांनी पक्षी बघावेत, खूप बघावेत. पण भिगवणला एक गोष्ट मला फार खुपते. पंखांखालचा लालभडक रंग फोटोत यावा म्हणून पाहुणे नाव थेट थव्यावर घालायला लावतात. जड अंगाच्या रोहिताला पाण्यावर धावत जाऊन मगच उडता येतं. चरणं तुटतं, ताकद वाया जाते, आणि दुसऱ्या पाहुण्यासाठी हेच पुन्हा होतं. नाववाला हे जाणतो, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला अवघड जातं. ते त्याच्यावर सोडू नका. नावेत पाय ठेवण्याआधीच त्याला सांगा: दादा, नाव लांबच थांबवा, पक्षी उडाले नाहीत तरी पैसे पूर्ण देऊ.