हातावरचे नाव

आमच्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होते. डाव्या हातावर तुळशीवृंदावन, उजव्यावर विंचू आणि हनुवटीवर एक ठिपका. गोंदारणीने तीन सुया एकत्र बांधून काजळी टोचली तेव्हा दोघी बायकांनी तिला दाबून धरले होते, असे ती सांगे. काय काढायचे हे तिला कुणी विचारले नव्हते. पुढे 1956 साली नागपूरला दीक्षा झाली आणि ते वारे आमच्या वस्तीपर्यंत आले. आजीने देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. पण हातावरची तुळस कुठे सोडणार? ती म्हणे, "ते कातड्यावरचं हाय लेकरा. मनातलं म्या कवाच पुसलंय."

डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते, की जात ओळखू येईल असे दागिने अंगावरून उतरवा. दागिना उतरवता येतो, गोंदण उतरत नाही. म्हणून ते कोण काढतो, काय काढतो आणि त्यानंतर त्याची निगा कशी राखतो, याला महत्त्व आहे. हे शहाणपण आम्हाला उशिरा आले. ते कसे आले, ते सांगतो.

आमचा भाचा एकवीस वर्षांचा. बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांप्रमाणे अक्काचे घरही दिवाळीनंतर कुलूपबंद होते. भाऊजी वारल्यापासून मायलेक मिळून एक कोयता. 2023 साली ती दोघे सांगली जिल्ह्यात फडावर होती. मुकादमाच्या हातापाया पडून भाच्याने तीन दिवसांची सुट्टी काढली आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आम्हाला येऊन भेटला. रांगेत उभे राहून अभिवादन केले. परत येताना एका गोंदणाऱ्याकडे त्याने डाव्या हातावर, मनगटाच्या वर, 'जय भीम' काढून घेतले. गोंदणाऱ्याने सुई नवीन पाकिटातून काढली, हातमोजे घातले, शाई वेगळ्या टोपणात घेतली. आम्ही जवळ उभे राहून हे सर्व पाहिले आणि निर्धास्त झालो.

चूक त्यानंतर झाली आणि ती आमची होती. गाडीत बसण्यापूर्वी भाच्याने विचारले, "मामा, याला काय लावू?" आजीच्या गोंदणाची गोष्ट आम्हाला आठवली आणि आम्ही मोठ्या माणसाच्या थाटात सांगून टाकले, "हळद आणि खोबरेल लाव, वरून फडके घट्ट बांध." तो सांगलीच्या गाडीत बसला, आम्ही बीडच्या.

सहाव्या दिवशी अक्काचा फोन आला. हात कोपरापर्यंत सुजला होता, अक्षरांतून पू येत होता, अंगात ताप होता. तरी तो ऊस तोडत होता. कारण उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. उजव्या हातात कोयता, डाव्या हाताने ऊस धरायचा. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी. ओल्या जखमेवर दिवसभर तेच घासत होते. त्यात घाम, धूळ आणि आमची हळद.

आम्ही रजा टाकून रात्रीच्या गाडीने निघालो. मुकादमाशी बोलून खाड्याची रक्कम आम्ही भरली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेले. धनुर्वाताचे इंजेक्शन, गोळ्या आणि रोजची मलमपट्टी सुरू झाली. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या, "गोंदण म्हणजे जखम आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही." त्यांनी जे समजावले, ते आम्ही आमच्या डायरीत लिहून घेतले. तरुण वाचकांनी ते आपल्या घरात वाचून दाखवावे.

सुई कातडीच्या वरच्या थरातून खालच्या थरात जाते. शाई तिथे राहते म्हणून नाव टिकते. वरचा थर मात्र शेकडो ठिकाणी फुटलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज आणि पाण्यासारखा स्राव येणे साहजिक आहे. आधी आपले हात साबणाने धुवावेत. मग सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्याने गोंदण दिवसातून दोनदा हलके धुवावे, स्वच्छ कापडाने टिपावे, पुसू नये. त्यावर साधे व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम अगदी पातळ लावावे. हळद, चुना, राख, घरातले तेल काही लावू नये. पाणी चांगले नसेल तर उकळून गार केलेले वापरावे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते, पापुद्रे निघतात. ते नखाने काढू नयेत, नाहीतर त्यांच्याबरोबर शाईही निघते. दोन-तीन आठवडे विहिरीत, नदीत पोहू नये आणि ऊन लागू देऊ नये. सैल सुती बाही घालावी. लाली वाढत गेली, पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि सुई नवी नसेल तर मुळात हातच पुढे करू नये. त्या वाटेने कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही येऊ शकतात.

दवाखान्याच्या बाकावर अक्का लेकाला म्हणाली, "फडावर धा गावची माणसं. दिसंल आसं कशाला काढलंस?" भाचा म्हणाला, "आये, झाकायला काढलं का मी?" अक्का गप्प बसली. थोड्या वेळाने तिने त्याची बाही कोपरापर्यंत नीट दुमडून दिली.

2024 च्या 14 एप्रिलला आमच्या वस्तीत रक्तदान शिबिर होते. भाचा सर्वांत आधी येऊन उभा राहिला आणि डॉक्टरांनी त्याला परत पाठवले. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या निकषांप्रमाणे गोंदल्यानंतर 12 महिने रक्त देता येत नाही. पोर हिरमुसले. "बाबासाहेबांचं नाव हातावर हाय आन् त्यांच्याच जयंतीला माझं रगत चालत न्हाई?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्याला नावनोंदणीच्या टेबलावर बसवले. दिवसभर त्याने नावे लिहिली आणि हातावर गोंदण असलेल्या प्रत्येक मुलाला तारीख विचारली. तिघांना त्यानेच परत पाठवले.

2025 च्या जयंतीला तो पुन्हा आला. तारीख स्वतःच सांगितली. डॉक्टरांनी तपासले आणि त्याला खाटेवर घेतले. हातावरच्या 'भी'ची वेलांटी अर्धी पुसट आहे. पू झाला तेव्हा तेवढी शाई गेली. गोंदणाऱ्याकडून ती पुन्हा भरून घे, असे आम्ही सुचवले.

तो म्हणाला, "नगं मामा. परत टोचलं तर पुन्यांदा बारा महिने थांबावं लागंल."