दुसऱ्या मेडशीची वाट

माझं शिक्षण बी.कॉम.चं. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध सुटला तो सुटलाच. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले, त्या सुमारास त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा हाती आली आणि डोक्यात भुंगा शिरला. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर भलत्याच जगात जाऊन पोचतात. तिथं १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती चाटून गेली आहे आणि लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. एवढं गोष्ट म्हणून पचलं. पण पुढं राजेंद्र देशपांडे हे पात्र या प्रवासाचा उलगडा करू लागतं आणि थेट इलेक्ट्रॉनवर येतं. लिहिणारा माणूस केंब्रिजला शिकलेला, पुण्याच्या ‘आयुका’चा संस्थापक संचालक. यात गोष्ट किती आणि शास्त्र किती, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

मेडशी म्हणजे अकोला–वाशीम रस्त्यावरचं आमचं गाव, तालुका मालेगाव. इथं अशा विषयाचं विचारायचं कुणाला? मोबाइलवर व्याख्यानं ऐकली, निम्मी डोक्यावरून गेली. मग एका ठिकाणी घरी करता येईल असा प्रयोग सापडला. पुठ्ठ्याला भोक पाडलं, त्यावर माझ्याच डोक्याचा एक केस उभा ताणून चिकटवला. रात्री लाइट गेली तेव्हा खेळण्यातल्या लाल लेझरचा झोत त्या केसावर धरला. समोरची भिंत तीनेक मीटरवर. मला वाटलं, लाल ठिपका दिसेल आणि मधोमध केसाची सावली. दिसली ती आडवी रांग: लाल, काळा, लाल, काळा, असे पट्टे दोन्ही बाजूंना पसरलेले, दोन पट्ट्यांत दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर. आणि जिथं सावली हवी, तिथं सगळ्यात ठळक उजेड! बाबांनी उठून भिंतीवरून हात फिरवून पाहिला.

केसाच्या दोन्ही बाजूंनी आलेल्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना उचलून धरतात, काही ठिकाणी मारतात, म्हणून हे पट्टे. थॉमस यंगनं १८०३ मध्ये उन्हाच्या तिरिपेत कागदाची अरुंद पट्टी धरून हेच दाखवलं होतं. इथवर माझी गाडी रुळावर होती. घसरली ती पुढं. १९८९ मध्ये जपानात हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरांच्या गटानं इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर प्रत्येकाचा एकच ठिपका उमटायचा, कुठंही. पण हजारो ठिपके जमल्यावर तेच पट्टे! एका वेळी एकच इलेक्ट्रॉन वाटेत असेल, तर तो कुणाशी मिसळतो? यावर मी कितीतरी रात्री जागले. उत्तर असं, की १९२६ च्या श्रोडिंगरच्या समीकरणात इलेक्ट्रॉनच्या सगळ्या शक्यता लाटेसारख्या सोबत चालतात आणि मिसळतात त्या शक्यताच. मोजलं की एकच हाती लागते. बाकीच्या कुठं जातात, याबद्दल समीकरण काही बोलत नाही.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या ह्यू एव्हरेट या विद्यार्थ्यानं प्रबंधात लिहिलं, की त्या कुठंच जात नाहीत. पाहणाराही समीकरणातच धरा. मग ‘इथं दिसला’ म्हणणारा एक आणि ‘तिथं दिसला’ म्हणणारा दुसरा, दोघंही खरे. समांतर विश्वांची ही कल्पना शास्त्रात इथून आली. ती सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य आहे असं मात्र नाही. वाद अजून चालू आहे.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मंग त्या दुसऱ्या मेडशीत तरी सोयाबीनले भाव भेटला असन काय वं?”

हा प्रश्न मी मनापासून घेतला. एव्हरेटचं म्हणणं मानलं तरी मनात येईल ते सगळं कुठंतरी घडतंच, असं निघत नाही. समीकरणात बसेल तेवढंच घडतं. आणि घडत असलं, तरी तिकडं जाता येईल का? मला सगळ्यात जास्त चकित केलं ते या ठिकाणी. ज्या गुणामुळं समीकरणात अनेक शक्यता एकत्र नांदतात, तोच गुण त्यांच्यातलं दार बंद करतो. विहिरीत दोन खडे टाकले तर दोन्ही वलयं एकमेकांतून आरपार जातात, कुणी कुणाचं काही बिघडवत नाही. तशा या शक्यतांच्या शाखा. त्यातून आपल्यासारखी मोठी वस्तू हवेच्या, उजेडाच्या कणांत इतकी गुंतते, की दोन शाखा पुन्हा जुळून येण्याची आशाच उरत नाही. १९९१ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की यांनी दाखवलं, की हे समीकरण थोडं वाकडं असतं तर शाखाशाखांत निरोप धाडणं शक्य झालं असतं. पण तो वाकडेपणा बेरिलियमच्या आयनांवर अतिशय बारकाईनं आधीच तपासला गेला होता आणि तो सापडला नव्हता. म्हणजे प्रवास हवा असेल तर समीकरण मोडावं लागतं, आणि समीकरण मोडलं तर ज्या पायावर ती विश्वं उभी आहेत तोच जातो.

नारळीकरांबद्दलचा माझा आदर यानं वाढला. त्यांचा राजेंद्र प्रवासाच्या मुद्द्यावर येतो तेव्हा ‘असं गृहीत धरू’ अशाच सुरात बोलतो. शास्त्र कुठं संपलं आणि गोष्ट कुठं सुरू झाली, ती जागा त्यांनी वाचकापासून लपवली नाही.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘क्वांटम जंपिंग’ शिकवतो, डोळे मिटून हव्या त्या विश्वात नेतो, असं सांगणारे व्हिडिओ आता आमच्याकडच्या पोरापोरींच्या मोबाइलवरही येतात आणि त्यांच्यामागं पैसे भरायचे कोर्सही असतात. पैसे भरण्याआधी त्यांना एवढंच विचारा: हे कोणत्या प्रयोगात दिसलं, आणि तो मला घरी नाहीतर कॉलेजात करून पाहता येईल का?