वारं गेलं

आमच्या गावाकडे लकवा कुणी म्हणत नसे. ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणत. आजोबांचं तोंड सकाळी वाकडं झालं आणि आम्ही दिवसभर तेल चोळत बसलो. गाडी मिळाली संध्याकाळी. पुढं असेपर्यंत ते डाव्या हातानं जेवले.

गोरेगावात मास्तरकी करताना आरे कॉलनीतल्या पाड्यांवरची पोरं वर्गात होती. त्यांच्या घरीही वारंच जायचं. मी फळ्यावर लिहिलं : तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. एक जरी दिसलं तरी १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन, कारण मेंदूत रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन घातक. तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही म्हटल्यावर पोरं चपापली.

पालकसभेला एका पोराची आजी आली. म्हणाली, “बीपीची गोळी घेते की, डोकं दुखलं की.”

“आजे, रोज घ्यायची असते!”

“तू कधी डाक्टर झालास?”

दुसऱ्या दिवसापासून हजेरीत त्याचं नाव आलं की मी विचारायचो, “आजीची गोळी?”

“घेतली, गुरुजी.”

एकदा मान खाली घालून म्हणाला, “संपल्यात.”

मधल्या सुट्टीत डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही दोघं औषधाच्या दुकानात गेलो.