चिखलदऱ्याची एकछाप

फाल्गुनांत अकोल्या-अमरावतीकडे ऊन तापूं लागलें, म्हणजे परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास जाणारांची रीघ सुरू होते. सातपुड्यांतील हें गांव सुमारें ३,६०० फूट उंचीवर. भीमकुंड, कॉफीचीं झाडें, १८०३ सालीं इंग्रजांनीं नागपूरकर भोसल्यांकडून घेतलेला गाविलगड, यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. तीं येथें पुनः करीत नाहीं. आमचें प्रयोजन निराळें होतें. होळीच्या दिवसांत मेळघाटांतील कोरकू स्त्रीपुरुष नाचतात. त्या नाचाच्या आकृती मोनोटाइपनें छापाव्या, या आमच्या एका चित्रकार स्नेह्यांच्या हौसेपायीं आम्ही घरचीं सातजणें दोन काचा, शाईचा डबा, रूळ व कागद घेऊन वर गेलों होतों.

रविवर्म्याच्या १८९४ सालीं निघालेल्या छापखान्यांतून दगडावरील एकाच चित्राच्या असंख्य प्रती निघून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोंचल्या. मोनोटाइपचें याच्या अगदीं उलट. ठशांत कांहीं कोरलेलेंच नसतें. काचेवर किंवा तांब्याच्या पत्र्यावर काळी शाई पातळ पसरावयाची, चिंधीनें पुसून उजेड काढावयाचा, आणि शाई ओली आहे तोंच दमट कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीनें घासावयाचा. कागद उचलला कीं काच जवळजवळ मोकळी! दुसरी छाप निघते, पण ती पहिलीची केवळ सावली. फ्रान्समध्यें देगानें १८७६ च्या सुमारास ही रीत हातीं घेऊन नर्तकी छापल्या. फिक्या छापेवर तो रंगीत खडूनें काम करी. आपण हिला ‘एकछाप’ म्हणावें, असें आम्हांस वाटतें.

खालीं मैदानांत या दिवसांत भिजविलेला कागद पाहतां पाहतां वाळून जातो. चिखलदऱ्याची सकाळ गार. तेथें तो दमट राहतो, आणि हात सावकाश चालवितां येतो.

रात्रीं ढोल वाजूं लागले. बायका हातांत हात गुंफून रांगेनें पुढें येत, मागें सरत. स्नेह्यांनीं पेन्सिलीनें भराभर रेखाटनें केलीं व सकाळीं ओसरीवर काच मांडली. जमिनीवर टेकलेलें पाऊल काडीनें नेमकें कोरावयाचें. उचललेलें पाऊल मात्र चिंधीच्या एकाच फटक्यानें, नाचाच्या दिशेनें पुसावयाचें. तो फटका चुकला तर पुनः शाई पसरण्यावांचून गत्यंतर नाहीं. बारीक रेघांनीं गति दाखविण्याचा खटाटोप आम्हांस तरी या एका फटक्यापुढें फिका वाटला.

पाहावयास जमलेल्या बायकांपैकीं एक म्हातारी पहिली छाप निरखून म्हणाली, “आमची रांग इकडून तिकडं जाते. ही उलटी चालली.” छाप आरशांतल्यासारखी उलटी यावयाची, हा या कलेचा धर्मच, आणि उजव्याचें डावें झालें तरी चित्र बिघडत नाहीं, असें चित्रकार मानतात. नाचणारीस तें कसें मान्य व्हावें? स्नेह्यांनीं रेखाटन काचेखालीं पालथें घातलें, काचेंतून दिसणाऱ्या उलट्या रेघांवर काम केलें, आणि नव्या छापेंत रांग आपल्या वाटेनें चालूं लागली.

“आतां हा कागद आमचा ना?” म्हातारीनें विचारलें.

नाचाचीं चलच्चित्रें तेथल्या पोरांच्या मोबाइलांत हवीं तितकीं होतीं. हवा होता तो हाच कागद, आणि तो एकच. फिकी छाप त्यांस द्यावी, ठळक आपण न्यावी, असें आमच्यांतील कांहींनीं सुचविलें. तेव्हां इतका वेळ गप्प बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “ज्यांचा नाच, त्यांच्यापुढें उष्टें ठेवायचं होय रे?” स्नेह्यांचा चेहरा क्षणभर उतरला, कारण तसा फटका त्यांस पुनः साधेल याची शाश्वती नव्हती. पण त्यांनीं मुकाट्यानें ठळक छाप म्हातारीच्या हातीं दिली.

सावलीची छाप आम्हीं दोन पुठ्ठ्यांत घालून खालीं आणली. तींत बायकांचीं पावलें दिसत नाहींत. शाई दाट होती तेथला ढोलवाला मात्र चांगला उमटला आहे.